‘आहे’ची पट्टी

मास्तरकीत दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. रोज वर्गभर पोरं समोर बसली की दिवसाला एक तरी ऐवज पदरात पडतोच. दोन मास्तर एकत्र आले की चहा यायच्या आत पहिला किस्सा सुरू होतो. फक्त ज्याचा किस्सा तोच समोर बसलेला असतो, त्यामुळे तिखटमीठ जरा जपून लावावं लागतं.

आमचा कंपू छोटाच. धरणगावपासून सायकलच्या अंतरावर एका खेड्यात आमची प्राथमिक शाळा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी दुसरीला शिकवायचे, महाजन गुरुजी तिसरी-चौथीला आणि पहिलीला आमचे नाना. नाना म्हणजे सोनवणे गुरुजी. रिटायर व्हायला थोडंच राहिलं होतं आणि त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. ज्या माणसाने गावातल्या पोरांच्या दोन पिढ्यांना पहिला शब्द वाचायला शिकवला, त्याच्या तोंडात एक शब्द उरला नाही!

जळगावचे डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं कळतंय. बोलत राहा त्यांच्याशी. एक शब्द परत आला, तर त्याच्यामागून दुसरे येतील.”

म्हणून दर रविवारी मी आणि महाजन गुरुजी धरणगावला नानांच्या घरी जाऊ लागलो. बोलायचं काय? किस्से! त्यांचेच, त्यांनाच. त्यात महाजन गुरुजींनी एक युक्ती काढली. किस्सा मुद्दाम चुकीचा सांगायचा. नानांना चूक सहन होत नसे, ऐकली की ते सुधारल्याशिवाय राहत नसत. “एकदा तरी चिडून म्हणतील, असं नव्हतं हो!” एवढीच आमची आशा होती.

तेच किस्से तुम्हाला सांगते. या वेळी बरोबर सांगते.

*

नानांचं सगळं शिक्षणशास्त्र लग्नपत्रिकांवर चालायचं.

त्यांचं म्हणणं असं, की बाराखडी येईल मागाहून. आधी रोजचे शब्द पोरांच्या डोळ्यांत बसले पाहिजेत. आई, पाणी, घर, ये, जा, आहे, नाही. एका पट्टीवर एक शब्द, बोरूने लिहिलेला, ठसठशीत. नाना पट्टी वर धरणार आणि पोरांनी ती बघताक्षणी म्हणायची. अक्षरं जुळवत बसायचं काम नाही. शाळेला जाड कागद कोण देणार? पण लग्नपत्रिका सगळीकडून यायच्या, आणि त्या पाठकोऱ्या असायच्या. मग काय!

पत्रिका आली की नाना लग्न कुणाचं ते नंतर बघत. आधी कागद बोटांत धरून वाकवून बघत. “जाड आहे. लग्नाला जायला हवं!”

एकदा एरंडोलच्या भाच्याची पत्रिका आली. कागद इतका सुरेख की नानांना राहवेना. त्यांनी लगेच कात्री घेतली आणि पट्ट्या पाडल्या. लग्नाला गेले, तर मांडववाला बांबू काढत होता! तारखेची पट्टी पट्ट्यांच्या डब्यात गेलेली, आणि तिच्या पाठीवर नानांनी लिहिलं होतं ‘उद्या’.

परतीच्या एस.टी.त नानांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं, “गुरुजी, तुम्ही ‘उद्या’ लिखं ना, म्हनीसन आपन उद्या उनूत!”

उनूत म्हणजे आलो. अक्काही त्यांना गुरुजीच म्हणायच्या. त्यात निम्मी थट्टा असायची.

हा किस्सा महाजन गुरुजींनी खाटेपाशी बसून सांगितला, तेव्हा मुद्दाम एरंडोलच्या जागी पारोळा म्हटलं. नानांची भुवई वर गेली. तोंड उघडलं. आम्ही दोघं पुढे सरकलो. तोंड तसंच उघडं राहिलं आणि थोड्या वेळाने अक्कांनी पदराने त्यांचा ओठ पुसला.

*

मी जळगाव शहरातली. घरात पुस्तकी मराठी. या शाळेत आले त्या पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘हे घर आहे’ लिहिलं आणि एका पोराला उठवलं.

तो म्हणाला, “हाई घर शे.”

मी म्हटलं, “नीट वाच.”

“हाई घर शे.”

“अरे, शे कुठे लिहिलंय? बघ तरी!”

पोरगा बिचारा फळ्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. रडकुंडीला येऊन म्हणाला, “बाई, मी तेच म्हनी राहिनू!”

आता तुम्हीच सांगा, याला नापास करायचं की शाबासकी द्यायची? तो अर्थ वाचत होता, मी अक्षरं ऐकत होते.

मी हसत हसत नानांना सांगायला गेले. नाना हसले नाहीत. म्हणाले, “बाई, या एका पट्टीवर माझा सगळा जन्म चाललाय.”

ते खरंच होतं. बाकीच्या पट्ट्यांवर पोरं चुकली, तर नाना पुढे जात. ‘आहे’वर मात्र थांबत. सगळा वर्ग एकसुरात “शे!” म्हणून ओरडे. नाना कुणाला मारत नसत, रागावतही नसत. पट्टी तशीच वर धरून एवढंच म्हणत, “पुन्हा पहा.” ‘आहे’ येईपर्यंत हात खाली येत नसे. दंड भरून यायचा, पण पट्टी वरच.

एवढा हट्ट का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी ट्रेनिंगला पुण्याकडे गेले होते. पहिल्याच दिवशी धडा वाचायला उभे राहिले आणि तोंडातून ‘शे’ निघून गेलं. सगळा वर्ग हसला. ट्रेनिंग संपेपर्यंत त्यांना कुणी सोनवणे म्हटलंच नाही. जेवायच्या पंगतीत, मैदानावर, सगळीकडे हाक एकच, “ए शे!”

“माझ्या पोरांना कुणी हसता कामा नये,” नाना म्हणाले. मला ‘शे’ ऐकायला फार गोड वाटायचं, पण मला त्यावरून कुणी हसलं नव्हतं ना!

*

पोरांना मात्र ‘आहे’ हा शब्द नानांनीच घरी बनवलाय असं वाटायचं! त्यांच्या गावात तसं कुणी बोलत नव्हतं. बाप नाही, माय नाही, दुकानदार नाही. नाना म्हणतात आणि पुस्तकात छापलंय, बस.

एका पोराच्या बापाला दीपनगरला वीजकेंद्रात काम लागलं. बिऱ्हाड तिकडे गेलं. तिथल्या कॉलनीत कुठकुठली माणसं. दिवाळीच्या तोंडावर, शाळेला सुट्टी लागायच्या आधीच पोरगा गावी आला तो घरी न जाता थेट शाळेत! धापा टाकत म्हणाला, “नाना, नाना! तठे खरंच ‘आहे’ म्हनतस!”

नानांचा चेहरा असा फुलला, की जणू पोराने बोर्डात नंबर काढला. पुढचा आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, “आमच्या पोराला दीपनगरला कुणी हसलं नाही!”

*

तपासणीचा किस्सा तर तालुक्यात गाजला.

साहेब येणार म्हणून नानांनी स्वतःच्या खिशातून पांढरंशुभ्र कार्डशीट आणलं आणि सगळ्या पट्ट्या नव्या केल्या. जुन्या पार मळल्या होत्या. साहेब खुर्चीत बसले. नानांनी पहिली पट्टी वर धरली. वर्ग गप्प! दुसरी धरली. गप्प! काल धडाधड वाचणारी पोरं आज टकामका बघतायत. एका दिवसात सगळी शाळा निरक्षर!

नानांना घाम फुटला. त्यांनी कमलला उठवलं. कमल म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, एवढीशी, दोन शेपट्यांची. नानांनी ‘पाणी’ समोर धरलं. तिने मान तिरकी करून पट्टी नीट न्याहाळली आणि ठाम सांगितलं, “हाई पानी नही शे, नाना. पानीवर हळदनं बोट शे.”

झालं! आमच्याकडे पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावतात. जुनी ‘पाणी’ची पट्टी नेमकी त्या कोपऱ्याची होती, आणि हळद पाठीपर्यंत उतरली होती. ‘घर’चा कोपरा दुमडलेला होता, ‘जा’वर चहा सांडलेला होता. पोरांनी शब्द कुठे पाठ केले होते? डाग पाठ केले होते!

साहेब खुर्चीवरून पडायचे बाकी होते. हसू आवरत म्हणाले, “गुरुजी, पोरांची नजर चांगली आहे, कागद बदलू नका!”

दुसऱ्या दिवशी नाना एका वाटीत हळद कालवून घेऊन आले. सगळ्या नव्या पट्ट्यांच्या कोपऱ्याला, एकेक करून, सारखंच बोट लावलं. मग वर्गाकडे वळले. “आता वाचा!”

*

अक्कांना वाचता येत नव्हतं. नानांच्या मनात हे कायम सलायचं. “गावाला शिकवलं, बाई, घरचं एक माणूस राहिलं,” असं ते अधूनमधून म्हणत.

प्रयत्न केला नव्हता असं नाही. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांनी नानांनी त्यांना पाटावर बसवलं आणि पट्टी वर धरली. पहिलीच कोणती? ‘आहे’! नानांनी आधी म्हणून दाखवलं. “हे आहे.”

अक्का म्हणाल्या, “शे.”

“पुन्हा पहा.”

“शे.”

“पुन्हा पहा.”

नवी नवरी ती! थोडा वेळ खाली मान घालून बसली. मग एकदम उठली. “भाकर करपी राहिनी,” म्हणाली आणि आत गेली.

नाना हे सांगताना नेहमी हसत. “मी मागून जाऊन पाहिलं, बाई. तव्यावर भाकर नव्हतीच!”

त्यानंतर अक्का पाटावर कधी बसल्या नाहीत. त्या घरात जन्मभर दोन बोल्या चालल्या. नाना म्हणायचे, “पाणी आहे का?” आतून उत्तर यायचं, “शे ना!” नाना म्हणायचे, “आहे म्हणावं.” आतून यायचं, “शे म्हनं तरी तहान भागस ना, गुरुजी!” आम्ही चहाला गेलो की हा खेळ ऐकून पोट धरून हसत असू. खाली मान घालून बसलेली ती नवी नवरी मला फार उशिरा दिसू लागली.

*

शाळा सोडून जाणाऱ्या पोराला नाना डब्यातली एक पट्टी देत. आवडेल ती निवडायची.

कमल माझ्या वर्गात आली आणि दुसरी संपायच्या आत तिची शाळा सुटली. कापसाचे दिवस. माय वेचायला जाणार, मग धाकट्याला सांभाळणार कोण? मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले. तिची माय म्हणाली, “बाई, ती शाळामा बसनी तर हाऊ कोनजोडे राही?” कडेवरच्या पोराकडे बघून मी परत आले.

कमलने डबा उपसून जुनी, मळकी ‘पाणी’ काढली. नाना म्हणाले, “अगं, नवी घे.” तिने मान हलवली. हळदीचं बोट असलेलीच हवी होती.

पुढे काही वर्षांनी तिची पत्रिका आली. पोरगी अजून परकरात शोभली असती. पत्रिकेचा कागद जाड होता, इतका की नाना एरवी नाचले असते. त्यांनी ती कात्रीपाशी नेली, परत आणली, सगळी वाचून काढली. खालच्या बारीक अक्षरांतली पोराटोरांची नावंसुद्धा वाचली. कोपऱ्याच्या हळदीवर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

“हिच्या पाठीवर कोणता शब्द लिहू, बाई?” त्यांनी मला विचारलं.

ती पत्रिका नानांनी कापली नाही. देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली.

खाटेपाशी महाजन गुरुजींनी हा किस्सा एकदा सुरू केला होता. नानांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, तसे ते थांबले. परत आम्ही तो काढला नाही.

*

आता लकव्याचा दिवस. हाही किस्साच म्हणायचा, कारण महाजन गुरुजींना अजून तो सांगता येत नाही आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या दोन वर्गांमध्ये एक कुडाची भिंत. पलीकडून आवाज येत होता, “आहे! आहे! आहे!” सगळा वर्ग एकसुरात. मी मनात म्हटलं, वा! आज नानांचा वर्ग काय रंगलाय! एकही ‘शे’ नाही!

आवाज थांबेना. उलट वाढत गेला. मग त्यात रडं मिसळलं. मी धावत गेले.

नाना भिंतीला टेकून खाली बसले होते. उजवा हात मांडीवर पडला होता. पट्टी जमिनीवर. एक पोरगं ती उचलून त्यांच्या हातात देत होतं. बोटांतून ती परत गळत होती. बाकीची पोरं ओरडत होती, “आहे, नाना! आहे!” त्यांना वाटत होतं, आपलं काहीतरी चुकतंय, म्हणून नाना पुढची पट्टी काढत नाहीत.

त्या दिवशी एकही पोर चुकलं नव्हतं हो. सगळ्यांनी बरोबर वाचलं होतं.

*

किस्से सगळे सांगून झाले, चुकीचे सांगून झाले, तेच उलटे करून सांगून झाले. नाना ऐकत. कधी ओठाचा एक कोपरा हसल्यासारखा हलत असे. शब्द मात्र नाही. मग महाजन गुरुजी शाळेतला पट्ट्यांचा पत्र्याचा डबाच घेऊन आले. “डॉक्टर म्हणतात ना, एक शब्द परत यायला हवा? मग पहिलीचाच अभ्यासक्रम!”

आम्ही पट्ट्या धरायचो. ‘आई’, ‘घर’, ‘ये’. नाना बघायचे. घशातून घरघर यायची, कपाळावर घाम यायचा, आणि ते तोंड फिरवायचे. आम्ही दोघं धरणगावच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत बसायचो.

डबा आम्ही तिथेच ठेवला होता. आठवड्याचे बाकीचे दिवस अक्का पट्ट्या धरत. मी विचारलं, “अक्का, तुम्हाला कसं कळतं कोणती कोणती ते?”

“हाई चहानी ती ‘जा’. हाई कोना दुमडेल ते ‘घर’,” त्या म्हणाल्या. जुन्या पट्ट्या होत्या ना! कमलसारखंच पाठ केलं होतं सगळं. मग एक पट्टी काढून मला दाखवली. तिच्यावर ना डाग, ना दुमड. “आनि हाई तर माले लगीनपाईन माहीत शे.”

ती ‘आहे’ होती.

नाना पुढचा उन्हाळा काढू शकले नाहीत. त्याआधीचा एक रविवार सांगते.

आम्ही दुपारी पोचलो. अक्का खाटेसमोर बसल्या होत्या, पाटावर. हात वर. हातात ती पट्टी. आम्ही आलेलं त्यांनी पाहिलं, पण हात खाली घेतला नाही. किती वेळ धरला होता, देव जाणे.

“पुन्हा पहा,” अक्का नानांना म्हणत होत्या. अगदी नानांच्याच सुरात. “पुन्हा पहा.”

नाना बघत होते. मान पुढे आली. कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. ओठ जुळले, सुटले, परत जुळले.

“शे,” नाना म्हणाले.

महाजन गुरुजींनी माझा दंड घट्ट धरला. स्पष्ट म्हणाले होते. आम्ही तिघांनीही ऐकलं होतं.

अक्कांचा हात वरच होता. गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता. “नही, गुरुजी,” त्या म्हणाल्या. आणि मग जन्मात पहिल्यांदा, मी तरी पहिल्यांदाच, त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. स्वच्छ, नानांनी शिकवला होता तसा. “आहे. आहे म्हना.”

नानांनी डावा हात उचलला. हळूहळू पट्टीपर्यंत नेला आणि तिच्यावर बोट ठेवलं. चुकलेल्या पोराकडे बघावं तसं अक्कांकडे पाहिलं.

“शे,” नाना म्हणाले.

अक्कांनी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्या उठल्या.

“भाकर करपी राहिनी,” म्हणाल्या आणि आत गेल्या.